प्रकल्पाचा प्रश्न कसा घडवावा आणि साधने कुठे शोधावीत : प्रथमच मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांसाठी

महाविद्यालयाचे वर्ग स्थिरस्थावर झाले की प्रकल्पाच्या याद्या लागतात आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या वाट्याला दहा-पंधरा विद्यार्थी येतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्पाला आणि संशोधन प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागल्यामुळे हे काम आता पदव्युत्तर विभागांपुरते उरलेले नाही; पदवीच्या मुलांनाही ते करावे लागते आणि ते कसे करून घ्यायचे, हे आपल्याला मात्र कोणी शिकवलेले नसते. मी स्वतः पहिल्या वर्षी बारा विषयांची यादी फळ्यावर लिहिली आणि मुलांना एकेक निवडायला सांगितले. मार्चमध्ये बारा अहवाल आले, त्यांपैकी चार अहवालांत हळदीच्या औषधी गुणांवरचा एकच परिच्छेद जसाच्या तसा होता. दोष मुलांचा नव्हता. मी त्यांना विषय दिले होते, प्रश्न दिला नव्हता.

आधी प्रश्न पक्का करायचा आणि मग साधने शोधायची, हा क्रम पुस्तकात बरा दिसतो. प्रत्यक्षात विद्यार्थ्याने एखादे तरी साधन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचा प्रश्न पक्का होत नाही, आणि प्रश्न थोडा तरी हातात असल्याशिवाय कोणते साधन पाहायचे ते कळत नाही. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्या एकदाच चढायच्या नाहीत. तिसरीवरून पुन्हा पहिलीवर येणे हा या कामाचा नेहमीचा भाग समजावा.

पहिली पायरी : विषयावरून वस्तूवर येणे

पहिल्या भेटीत विद्यार्थ्याला "तुला कशात रस आहे?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर "पर्यावरण", "महिला सक्षमीकरण" किंवा "शेती" असे एका शब्दात येते. त्याऐवजी, तुझ्या घरात, गल्लीत किंवा गावात असे काय आहे जे तुला माहीत आहे आणि मला माहीत नाही, असे विचारावे. सांगलीजवळच्या हरिपूरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीशी झालेले संभाषण मी अनेकदा उदाहरण म्हणून सांगतो. ती म्हणाली, "हळद." मी विचारले, "हळदीचं काय?" ती म्हणाली, "सर, सांगलीची हळद प्रसिद्ध आहे." "ती ठेवतात कुठे?" "आता कोल्ड स्टोरेजला. आधी पेवात ठेवायचे." "मग आता पेवात का नाही ठेवत?" ती गप्प बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबांना विचारते." पहिल्या भेटीतून एवढे निघाले तरी पुरते.

ज्यांनी पेव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : जमिनीत खोल खणलेला खड्डा, वर माणूस कसाबसा उतरेल एवढे अरुंद तोंड आणि खाली रुंद होत गेलेले पोट. हरिपूर आणि सांगलवाडी परिसरातील मातीत अशी पेवे टिकत, त्यांत हळद भरून तोंड मातीने बंद केले की ती दीर्घकाळ कीड न लागता राहत असे. तोंड उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे, हवा खेळू द्यावी लागे. या बारीकसारीक गोष्टी त्या मुलीने दुसऱ्या भेटीत मला सांगितल्या, आणि तोपर्यंत तिचा विषय "हळद" राहिलेला नव्हता.

दुसरी पायरी : प्रश्न तासणे

आता विद्यार्थ्याकडून त्या एका वस्तूबद्दल दहा प्रश्न लिहून घ्यावेत. पहिले चार-पाच हमखास माहितीचे असतात (पेव म्हणजे काय, किती खोल, किती माल मावतो), आणि ते तसे असणे आवश्यकही आहे, कारण त्यांची उत्तरे ही पुढच्या प्रश्नाची सामग्री असते. सातव्या-आठव्या प्रश्नापाशी मूल अडते, पेन चावू लागते. तिथे मदत करू नये, थोडा वेळ थांबावे. कामाचा प्रश्न बहुतेक वेळा त्या अडलेल्या जागेनंतर येतो.

या मुलीचा सातवा प्रश्न होता, "पेवे का बंद पडली?" प्रश्न वाईट नाही, पण त्याचे उत्तर गावात सगळ्यांना पाठ आहे : २००५ चा महापूर आला, पाणी पेवांत शिरले, माल गेला. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारण्याआधीच सगळ्यांच्या तोंडी असते, त्यावर केलेला प्रकल्प म्हणजे ते उत्तर वीस पानांत पुन्हा लिहिणे होय. मी तिला एवढेच विचारले की, ज्यांच्या पेवांत पाणी शिरले नाही त्यांनी काय केले? ते तिला माहीत नव्हते. पुढच्या आठवड्यात ती आली ती वाक्य लिहूनच : "२००५ च्या पुरात ज्यांची पेवे शाबूत राहिली, त्यांनीही पुढे ती वापरणे का सोडले?" या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते, तिलाही नव्हते, आणि तरीही ते मिळवता येण्याजोगे होते. बाजारातील वित्तपुरवठा, गोदामाच्या पावतीवर मिळणारे कर्ज, पेव उपसणारे मजूर न मिळणे, विम्याची अट, यांपैकी काहीही कारण निघू शकले असते.

प्रश्नाची पारख करताना मी विद्यार्थ्याला चार गोष्टी विचारतो, पण त्या सगळ्यांना सारखे वजन देत नाही. सर्वांत महत्त्वाची ही की, उत्तर तुझ्या अपेक्षेच्या उलट निघू शकते का? तसे निघण्याची शक्यताच नसेल तर तो प्रश्न नसून मत आहे. दुसरी, याचा पुरावा एसटीच्या पासात येतो का? साखराळ्याच्या मुलाने मुंबईच्या अभिलेखागारातील कागदांवर अवलंबून राहणारा प्रश्न घेतला तर तो डिसेंबरपर्यंत रजा आणि पैसे यांतच अडकतो. तिसरी वेळेची आणि चौथी, हे उत्तर ऐकून कोण वाद घालेल, ही. शेवटच्या दोन गोष्टी झटपट उरकल्या तरी चालतात.

सांगलीत शिकवणाऱ्याला एका प्रश्नाशी दरवर्षी सामना करावा लागतो : "कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे सांगलीला पूर येतो का?" २०१९ च्या महापुरानंतर तर प्रत्येक वर्गात निदान दोघे हा प्रश्न घेऊन येतात, आणि त्यामागची तळमळ खरी असते, कारण त्यांच्या घरांत पाणी आलेले असते. तरीही कला शाखेच्या पदवीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पेलणारा नाही; त्यासाठी नदीच्या प्रवाहाचे गणित, धरणांतील विसर्गाच्या तासातासाच्या नोंदी आणि त्या वाचण्याचे शिक्षण लागते. राज्य शासनाने त्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल २०२० मध्ये सादर झाला. तो विद्यार्थ्याने जरूर वाचावा, पण त्याच्याशी स्पर्धा करू नये. त्या तळमळीला दुसरी वाट द्यावी : गणपती पेठेतील घाऊक व्यापाऱ्यांनी २०१९ नंतर दुकानात माल रचण्याची पद्धत बदलली का, बदलली असल्यास कोणी आणि किती उंचीवर? हा प्रश्न टेप घेऊन मोजता येतो.

साताऱ्याकडचे उदाहरण द्यायचे तर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचे देता येईल. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप झाला का, हा भूशास्त्रज्ञांचा प्रश्न आहे आणि त्यावर जगभर लिहिले गेले आहे. पाटण तालुक्यातील आपल्या गावात भूकंपानंतर घरे पुन्हा बांधताना भिंतीची आणि छपराची सामग्री कशी बदलली, हा मात्र त्या गावच्या मुलीचा प्रश्न आहे, आणि तो लवकर विचारावा लागेल, कारण तो दिवस आठवणारी माणसे आता साठीच्या पुढची आहेत.

तिसरी पायरी : नावे आणि शब्द जमवणे

साधने शोधायला बसण्यापूर्वी एक पान शब्दांसाठी ठेवावे. ही पायरी बहुतेक मार्गदर्शक वगळतात आणि मग विद्यार्थी "सर, यावर काहीच मिळत नाही" असे सांगत परत येतो. मिळत नसते असे नाही. तो चुकीच्या नावाने हाक मारत असतो.

आपल्या भागात हा घोळ फार मोठा आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये "दक्षिण सातारा" या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यापूर्वी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. सांगली शहर पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होते. मिरजेची थोरली आणि धाकटी अशी दोन संस्थाने होती, त्यांपैकी धाकटीची राजधानी बुधगाव. जत हे वेगळे संस्थान होते. आणि आटपाडी व कुंडल ही औंध संस्थानात मोडत होती. म्हणजे १९३० च्या दशकातील आटपाडीच्या शाळांविषयी काही शोधायचे असेल तर "सांगली" हा शब्द निरुपयोगी आहे, "औंध" शोधावे लागते. १९४२ नंतरच्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा अभ्यास करणारा विद्यार्थी कुंडलचे सगळे कागद सातारा जिल्ह्याच्या नोंदींत मिळतील असे धरून चालला तर तो फसतो, कारण कुंडल त्या वेळी ब्रिटिश हद्दीतच नव्हते. किंबहुना चळवळीला ते गाव सोयीचे पडण्याचे एक कारण तेच होते.

स्पेलिंगचीही तीच कथा. जुन्या इंग्रजी कागदांत सातारा या नावात "टी" हे अक्षर दोनदा येते. मराठीत कराड आणि कऱ्हाड अशी दोन्ही रूपे चालतात. जत कुठे जथ असे लिहिलेले आढळते. पेवासाठी कोणी नुसता "भूमिगत साठवण" असा शब्द वापरलेला असतो, तर हळदीच्या लेखांत राजापुरी, सेलम ही वाणांची नावे शीर्षकात असतात आणि हळद हा शब्दच नसतो. जुन्या मराठी कागदांवर शके असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा, मात्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९ धरावे लागतात. असे पंधरा-वीस शब्द जमले की मगच संगणकापाशी बसवावे.

चौथी पायरी : छापील आणि ऑनलाइन साधने

सुरुवात गॅझेटिअरपासून, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथापासून करावी. मुंबई इलाख्याच्या मालिकेतील साताऱ्याचा एकोणिसावा खंड १८८५ चा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या मालिकेत साताऱ्याचा खंड १९६३ मध्ये आणि सांगलीचा १९६९ मध्ये निघाला. हे खंड ऑनलाइनही वाचायला मिळतात. तेच गाव, तोच बाजार जुन्या आणि नव्या खंडांत कसा वर्णन केला आहे, ते शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावणे हा पहिल्या आठवड्याचा उत्तम गृहपाठ आहे. मात्र १८८५ च्या खंडातील जातीविषयक विधाने ही त्या काळच्या अधिकाऱ्यांची नजर म्हणून वाचावीत, वस्तुस्थिती म्हणून उतरवून घेऊ नयेत. संज्ञा आणि पार्श्वभूमी यांसाठी मराठी विश्वकोश पुरेसा आहे. तो आपल्या वाईत घडला आणि आज ऑनलाइन विनामूल्य वाचता येतो.

त्यानंतर शोधगंगा. विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध तिथे प्रकरणनिहाय वेगवेगळ्या फायलींत ठेवलेले असतात. विद्यार्थी पहिले प्रकरण उघडतो, प्रस्तावनेत बुडतो आणि कंटाळतो. त्याला आधी शेवटाकडची, संदर्भसूचीची फाइल उघडायला सांगावे. दुसऱ्या कोणी पाच वर्षे घालवून जमवलेली यादी तिथे तयार असते आणि त्यातील दहा नोंदी तरी आपल्या कामाच्या निघतात. मराठी प्रबंधांची शीर्षके कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत नोंदलेली असतात आणि स्कॅन केलेल्या पानांवर शब्दशोध चालत नाही, म्हणून दोन्ही लिपींत शोधावे आणि पाने हाताने उलटावीत. शिवाजी विद्यापीठाचे खर्डेकर ग्रंथालय कोल्हापुरात आहे. महाविद्यालयाचे पत्र घेऊन एक दिवस तिथे काढता आला तर फार बरे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी नियम एकच ठेवावा. ती शब्द सुचवायला, प्रश्न उलटसुलट करून पाहायला उपयोगी पडतात, पण संदर्भ विचारले की कधीकधी अस्तित्वात नसलेली पुस्तके अस्सल वाटणाऱ्या नावांनिशी देतात. ज्या पुस्तकाचे किंवा लेखाचे पान विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेले नाही, ते सूचीत येणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.

पाचवी पायरी : कचेऱ्या, बाजार आणि आकडे

जिल्हा सांख्यिकी कार्यालयातर्फे निघणारे "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" हे पुस्तक फारच थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पीकक्षेत्र, सिंचन, शाळा, बँका यांचे तालुकानिहाय तक्ते त्यात सापडतात. गावपातळीवर यायचे असेल तर जनगणनेची जिल्हा पुस्तिका पाहावी. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८,२२,१४३ आणि सातारा जिल्ह्याची ३०,०३,७४१ होती. २०२१ ची जनगणना झाली नाही, तेव्हा २०११ नंतरच्या एखाद्या वर्षाचा आकडा विद्यार्थ्याने आणला तर तो अंदाज आहे, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावे. बाजारातील आवक आणि दर यांच्यासाठी केंद्र सरकारचे ॲगमार्कनेट हे संकेतस्थळ आहे, पण त्यातील रिकाम्या तारखा म्हणजे शून्य आवक असे समजू नये. त्या दिवशी बाजार बंद असेल किंवा नोंद झाली नसेल.

कचेरीत माहिती मागताना आधी विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र न्यावे आणि तोंडी विचारावे. तसे करून जमले नाही तरच माहितीचा अधिकार वापरावा : अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, शुल्क १० रुपये, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणजे जानेवारीत अर्ज करणाऱ्याला अहवाल देण्यापूर्वी उत्तर मिळेलच असे नाही, आणि अपिलाची वेळ आली तर ते वर्ष गेलेच. हा अर्ज करायचा तर ऑक्टोबरच्या आत करावा. "पुराविषयी सर्व माहिती मिळावी" असे लिहिले तर काही हाती लागत नाही. कोणते वर्ष, कोणते गाव, कोणती नोंदवही, हे लिहावे.

सहावी पायरी : माणसांकडून ऐकणे

प्रश्नावली हा आपल्याकडचा रोग झाला आहे. गूगल फॉर्म करायचा, मित्रांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकायचा आणि ६० उत्तरांची टक्केवारी काढून वर्तुळाकृती आलेख लावायचा. हळदीच्या पेवांविषयी सांगलीच्या वसतिगृहातील ६० मुलांचे मत काय, याला काही अर्थ नाही. त्यापेक्षा ज्यांच्याकडे पेव होते अशा सहा माणसांशी प्रत्येकी तासभर बोलणे कितीतरी बरे.

मुलाखतीला जाताना प्रश्न पाठ असावेत, कागद हातात नसावा. आपण कोण, कशासाठी विचारतो, नाव छापायचे की नाही, ध्वनिमुद्रण चालेल का, हे आधी स्पष्ट विचारावे आणि नकार दिला तर मोबाइल खिशात ठेवावा. "पेव वापरणं का सोडलंत?" असे थेट विचारल्यास पाठ असलेले उत्तर मिळते, "शेवटचं पेव कधी उघडलंत, त्या दिवशी कोण कोण होतं?" असे विचारल्यास माणूस त्या दिवसात शिरतो आणि कारणे आपोआप बाहेर पडतात. माझ्या विद्यार्थिनीला सर्वांत उपयोगी वाक्य मिळाले ते मुलाखत संपल्यावर, चहा पिताना. म्हणून घरी पोचल्याबरोबर, जेवायच्याही आधी, वहीत लिहून काढावे, आणि बोलणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत ठेवावेत. त्यांना प्रमाणभाषेत "सुधारू" नये.

सातवी पायरी : साधनांना उलटतपासणी

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आता एकाच दिवसाच्या तीन वर्तमानपत्रांत तीन वेगळे आकडे दिसले की विद्यार्थी गोंधळतो आणि सरासरी काढतो. सरासरी काढू देऊ नये. एकाने सकाळची, दुसऱ्याने रात्रीची पातळी दिलेली असते. आकड्याबरोबर वेळ लिहिली की भांडण मिटते. प्रत्येक साधनाबाबत हेच विचारायचे : हे कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिले, आणि लिहिणारा तिथे होता का? आजोबांची आठवण आणि व्यापाऱ्याची पावती यांत वर्षाचा फरक आला तर वर्षासाठी पावतीवर विश्वास ठेवावा, कारणासाठी आजोबांवर, आणि दोन्ही गोष्टी अहवालात लिहाव्यात.

संदर्भ कसे लिहायचे ते विद्यापीठाच्या नमुन्यात असते. मी फक्त एवढा आग्रह धरतो की, टिपण घेतानाच वर पुस्तकाचे नाव, वर्ष आणि पान लिहिले पाहिजे. मोबाइलने पानाचा फोटो घेतला असेल तर मुखपृष्ठाचाही घ्यावा, नाहीतर फेब्रुवारीत ते पान कोणत्या पुस्तकातले, याचा शोध हाच एक प्रकल्प होतो.

आठवी पायरी : एक पान

क्षेत्रकामाला परवानगी देण्यापूर्वी मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक पान लिहून घेतो. वर प्रश्न, एका वाक्यात. त्याखाली तो प्रश्न आधी कसा होता आणि कशामुळे बदलला. मग प्रत्यक्ष पाहिलेली तीन साधने, तारखेसह. त्यांपैकी एक तरी माणूस आणि एक तरी कागद असावा. मग जिथे नकार मिळाला ती जागा. शेवटी पुढची भेट कोणाची आणि कधी. पान रिकामे असले तर सही करत नाही, आणि रागावतही नाही; पुन्हा दुसऱ्या पायरीवर जातो.

हरिपूरच्या मुलीच्या पानावर चौथ्या ओळीत लिहिले होते : "मार्केट यार्डात दोन अडत्यांना भेटले. एकाने वेळ नाही म्हणून सांगितले. दुसरे म्हणाले, वडिलांच्या वेळच्या पेवाच्या वह्या माळ्यावर आहेत, गुरुवारी ये, काढून ठेवतो." मी त्याखाली सही केली.